वार, बोर्डिंग आणि एसटीचा डबा

जून उजाडला की पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात पाय ठेवायला जागा उरत नाही. जुन्या पुस्तकांचे गठ्ठे सुटतात, नव्यांची पार्सलं फुटतात. सदाशिव आणि नारायण पेठेतल्या भिंतींवर ‘कॉट बेसिसवर जागा मिळेल’, ‘घरगुती मेस, खाडा धरला जाईल’ असे कागद चिकटतात. सुटी संपवून गावाहून परतलेला विद्यार्थी वर्गाचं वेळापत्रक सावकाश बघतो. आधी खोली, मग मेस, मग बाकीचं. हा क्रम दीडशे वर्षांत फारसा बदललेला नाही. मराठी मुलखात कोण शिकलं, कुठवर शिकलं आणि कोण वेशीवरूनच परत फिरलं, याचा बराचसा हिशेब या जेवणाच्या सोयीत सापडतो.

खुद्द जूनचा मुहूर्त मात्र एवढा जुना नाही. न्यू इंग्लिश स्कूल सुरू झालं जानेवारी १८८० मध्ये आणि फर्ग्युसन कॉलेज २ जानेवारी १८८५ रोजी. पुढे उन्हाळी सुटी आणि जूनमधली सुरुवात रुळली आणि परतीची वाट ऐन पावसाच्या तोंडावर आली. कोकणातल्या मुलाला याचा फटका जास्त. मुंबई ते रत्नागिरी, वेंगुर्ला अशी आगबोटींची वाहतूक पावसाळ्यात बंद असे. कॉलेज जूनमध्ये उघडणार असलं तरी शेवटची बोट मेअखेरीस गाठावी लागे. ती चुकली तर घाटवाट. ती वाट कशी होती हे धोंडो केशव कर्व्यांच्या उदाहरणावरून कळतं. पब्लिक सर्व्हिसच्या परीक्षेसाठी ते आणि त्यांचे सोबती मुरुडहून भर पावसात कुंभार्ली घाट चढून पायी साताऱ्याला पोचले होते. तिथे ‘वय लहान दिसतं’ म्हणून कर्व्यांना परीक्षेला बसूच दिलं नाही. कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली ती थेट १९९८ मध्ये.

गोव्याची तऱ्हा आणखी वेगळी. पणजीत वैद्यकीय शाळा १८४२ पासून होती, पण कला-विज्ञानाचं कॉलेज पोर्तुगीज अमलात निघालंच नाही. बी.ए. व्हायचं तर मुंबई, पुणे, बेळगाव किंवा धारवाड. मुक्तीनंतर १९६२ मध्ये पणजीला धेंपे आणि मडगावला चौगुले कॉलेज सुरू झालं, तेव्हा कुठे गोव्यातल्या मुलाला रात्री घरी जेवून पदवी घेता येऊ लागली.

शहरात पोचल्यावर गरीब ब्राह्मण विद्यार्थ्यापुढे दोन रस्ते असत. एक माधुकरीचा. दुपारी सोवळं नेसून, खांद्याला झोळी अडकवून ठरलेल्या घरांच्या दारात उभं राहायचं, ‘ॐ भवति भिक्षां देहि’ म्हणायचं आणि मिळेल ते घेऊन खोलीवर यायचं. भाकरी, पोळी, भात झोळीत, आमटी तांब्यात. पाच घरच्या पाच चवींची आमटी एकाच तांब्यात कालवली जाई. पुण्यात १९०९ मध्ये स्थापन झालेल्या अनाथ विद्यार्थी गृहाचा सुरुवातीचा संसार अशा माधुकरीवरच चालला. तीच संस्था पुढे पुणे विद्यार्थी गृह म्हणून नावारूपाला आली.

दुसरा रस्ता वारांचा. आठवड्याचे सात वार, सात घरं. सोमवारी एकाकडे, मंगळवारी दुसऱ्याकडे. यात दारात हात पसरावा लागत नसे, पानावर बसून जेवता येई, म्हणून वार मिळणं माधुकरीपेक्षा मानाचं. पण त्या घराचं पंचांग विद्यार्थ्याच्या पोटालाही लागू असे. श्रावणी सोमवार आला की दिवसभर उपास आणि जेवण संध्याकाळी. एकादशी ज्या घराच्या वारी पडली तिथे भगर नाहीतर साबुदाणा. घरात सुतक आलं, बाई माहेरी गेली, की तो वार बुडाला. त्या दिवशी फुटाणे आणि पाणी. सुटीला गावी गेलेल्या मुलाचे वार परत आल्यावर तसेच राहतील याचीही खात्री नसे. एखाद्या घरच्या यजमानांची बदली झालेली असे, एखाद्या घरी भाचा शिकायला येऊन राहिलेला असे. मग पुन्हा ओळखी काढायच्या, चिठ्ठ्या न्यायच्या, गावच्या नात्याची आठवण द्यायची आणि सात घरं भरेपर्यंत फिरायचं.

ज्यांच्याकडे थोडा पैसा होता ते वसतिगृहात राहत. १८२१ मध्ये विश्रामबागवाड्यात सुरू झालेल्या पाठशाळेचं पुढे डेक्कन कॉलेज झालं आणि १८६८ मध्ये ते येरवड्याच्या नव्या इमारतीत गेलं. टिळक आणि आगरकर दोघेही इथलेच. कराडजवळच्या टेंभूहून आलेल्या आगरकरांकडे एकच सदरा होता, तो रात्री धुऊन ते सकाळी घालत, ही आठवण महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. तिथल्या मुलांनी वर्गणी काढून चालवलेल्या खानावळीला ‘क्लब’ म्हणत. आचारी ठेवायचा, महिन्याचा खर्च डोकी मोजून वाटून घ्यायचा. नाव विलायती असलं तरी पंगत जातीनेच बसे.

घोडं पेंड खाई ते इथेच. माधुकरी असो, वार असोत की क्लब, पानावर बसायला आधी जात लागे. कुणब्याच्या किंवा माळ्याच्या मुलाला पेठेतलं कोणतं घर वार देणार? गंगारामभाऊ म्हस्के यांच्या डेक्कन मराठा एज्युकेशन असोसिएशनने शिष्यवृत्त्या दिल्या. फर्ग्युसनमध्ये शिकणाऱ्या विठ्ठल रामजी शिंद्यांना तिचाच आधार मिळाला. पण शिष्यवृत्तीने फी भरता येई, पंगत मिळत नसे. अस्पृश्य म्हटल्या जाणाऱ्या विद्यार्थ्याला तर पैसे मोजूनही काही मिळत नव्हतं. एल्फिन्स्टन कॉलेजात शिकत असताना तिथला हॉटेलवाला आंबेडकरांना चहा-पाणी देत नसे, अशी नोंद धनंजय कीरांनी लिहिलेल्या चरित्रात आहे. मुलींचा प्रश्न तिसराच. त्या दारोदार जाऊ शकत नव्हत्या आणि वारही लावू शकत नव्हत्या. त्यांच्यासाठी राहण्या-जेवण्याची सोय आधी आणि शाळा तिच्या पोटात, अशीच रचना करावी लागली. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत काढलेलं शारदा सदन असंच होतं. तिथल्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई पुढे कर्व्यांच्या पत्नी आनंदीबाई झाल्या. कर्व्यांचा हिंगण्याचा विधवांसाठीचा आश्रमही याच वाटेने गेला.

कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी ही गाठ नेमकी ओळखली होती. सर्व जातींसाठी एकच वसतिगृह काढण्याचा प्रयत्न आधी होऊन गेला होता. प्रत्यक्षात त्याचा लाभ ब्राह्मण विद्यार्थ्यांनाच झाला. तेव्हा महाराजांनी उलट बाजूने सुरुवात केली. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघालं, त्याच वर्षी जैन बोर्डिंग, १९०६ मध्ये मुस्लिम बोर्डिंग, १९०८ मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. लिंगायत, सारस्वत, दैवज्ञ, नामदेव शिंपी अशी यादी वाढत गेली. जातवार चूल मांडण्यावर पुढे टीकाही पुष्कळ झाली, पण जी जात शहरात कधी राहिलीच नव्हती तिच्या मुलाला जून महिन्यात ट्रंक घेऊन उतरायला एक पत्ता मिळाला.

जातवार चुलीचं हे कोडं सोडवायला घेतलं ते तिथेच वाढलेल्या एका मुलाने. भाऊराव पाटील कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात राहत होते. मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभाला ते जाऊन आले. परतल्यावर, आंघोळ केल्याशिवाय भोजनगृहात येता येणार नाही, असं त्यांना बजावण्यात आलं. भाऊरावांनी आंघोळ करायला साफ नकार दिला आणि त्यांना बोर्डिंग सोडावं लागलं. पुढे ४ ऑक्टोबर १९१९ रोजी काले इथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात बोर्डिंग उभारलं. तिथे महार, मांग, मराठा, मुसलमान, जैन मुलं एका चुलीवरचं अन्न एका पंगतीत खात. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याचं ‘छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस’ असं नामकरण झालं. मुलांच्या धान्यासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने तर मोडलेच, शेवटी मंगळसूत्रही दिलं. १९४७ मध्ये निघालेल्या साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी कॉलेजात ‘कमवा आणि शिका’ हे तत्त्व आलं. मुलं शेतात, बांधकामावर राबत आणि त्या घामाच्या हिशेबात शिक्षण आणि जेवण मिळे. पुढे हीच योजना पुणे विद्यापीठानेही उचलली. अमळनेरला साने गुरुजी, सोलापुरात आंबेडकरांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेचं वसतिगृह, अशी ठिकठिकाणी हीच कामं चालू होती. २० जून १९४६ रोजी आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचं सिद्धार्थ कॉलेज मुंबईत उघडलं.

स्वातंत्र्यानंतर वार आणि माधुकरी हळूहळू मागे पडले आणि खानावळीचे दिवस आले. पुण्यात पेरूगेटजवळचं पूना बोर्डिंग, टिळक रस्त्यावरचं बादशाही ही नावं बाहेरगावच्या कितीतरी पिढ्यांनी घराच्या पत्त्यासारखी वापरली. खानावळ म्हणजे दर महिन्याला पैसे भरायचे आणि दोन वेळा ताट. रविवारी दुपारी गोडाचं, म्हणजे ‘फीस्ट’, आणि रविवारी संध्याकाळी बंद. ही रविवारची संध्याकाळ विद्यार्थी वडापाव, भुर्जी किंवा मित्राच्या स्टोव्हवरची खिचडी यांवर काढत आले आहेत. ‘खाडा’ हा या व्यवहाराचा कायदा. गावी जायचं तर आधी सांगायचं, म्हणजे तेवढ्या दिवसांचे पैसे कापले जातात. किती दिवस सलग गेलं तर खाडा धरायचा, यावर प्रत्येक मेसचा नियम निराळा आणि वादही तिथेच. ज्यांना खानावळही परवडत नव्हती त्यांच्यासाठी १९५५ मध्ये डॉ. अच्युत शंकर आपटे यांनी विद्यार्थी साहाय्यक समिती सुरू केली. ग्रामीण भागातल्या मुला-मुलींना अल्प शुल्कात राहण्या-जेवण्याची सोय देणारी ती वसतिगृहं आजही भरलेली असतात.

तालुक्याच्या गावी मात्र खानावळीहून वेगळीच युक्ती निघाली. १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर अशी पहिली एसटी धावली आणि पुढच्या दोन-तीन दशकांत गाडी वाडी-वस्तीपर्यंत पोचली. मधल्या काळात औरंगाबादला १९५८ मध्ये आणि कोल्हापूरला १९६२ मध्ये विद्यापीठ झालं, तालुक्याच्या गावांत कॉलेजं निघाली. मुलगा शहरात खोली घेऊन राहायचा आणि त्याचं जेवण रोज गावाहून यायचं, एसटीने आणि फुकट. आई पहाटे उठून भाकऱ्या थापायची. अॅल्युमिनियमचा, नंतर स्टीलचा डबा फडक्यात बांधायचा. झाकणावर रंगाने मुलाचं आणि गावाचं नाव. पहिल्या गाडीला बाप किंवा धाकटा भाऊ तो कंडक्टरच्या हवाली करायचा. ड्रायव्हरच्या मागच्या जागेत दहा-पंधरा डबे एकमेकांना खेटून बसलेले असत. स्टँडवर पोरं आधीच येऊन थांबलेली. आपापला डबा ओळखायचा, कालचा रिकामा डबा परतीच्या गाडीत ठेवायचा. डब्यात दोन वेळचं असे: दुपारी भाजी-भाकरी, रात्री उरलेली भाकरी ठेच्याबरोबर किंवा शेंगदाण्याच्या चटणीबरोबर. कधी झाकणाखाली घडी घातलेली चिठ्ठी, कधी नोट. गाडी वाटेत पंक्चर झाली किंवा ओढ्याला पूर आला, की सगळ्या खोल्यांना मिळून एकच उपास. कंडक्टरला या डब्यांचे मालक चेहऱ्याने पाठ असत आणि कोण दोन दिवस डबा घ्यायला आला नाही ही बातमी तोच गावात पोचवी.

मोबाइल आले, गावोगाव मेस झाल्या, लातूरसारख्या शहरात शिकवण्यांभोवती वसतिगृहांची आणि मेसची अख्खी वस्ती उभी राहिली, तसा डब्यांचा हा प्रवास आटला. एसटीवरचं अवलंबित्व मात्र राहिलं. २०२१-२२ मधला एसटी कर्मचाऱ्यांचा संप अनेक महिने चालला, तेव्हा खेड्यातल्या विद्यार्थ्यांचं कॉलेजला जाणंच थांबलं.

सरकारने इमारतींच्या जोडीला पैशाचाही मार्ग धरला. वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी २०१६-१७ पासून स्वाधार योजना आली. भोजन, निवास आणि इतर खर्चासाठी शहर पाहून वर्षाला ६० हजार रुपयांपर्यंत रक्कम खात्यावर जमा होते. मेस मात्र विद्यार्थ्याने स्वतः शोधायची. ऑगस्ट २०१७ मध्ये मुंबईत निघालेल्या मराठा क्रांती मोर्चानंतर सरकारने ज्या घोषणा केल्या त्यांत जिल्हावार वसतिगृहं होती. नंतर ओबीसींसाठी प्रत्येक जिल्ह्यात मुलांचं एक आणि मुलींचं एक वसतिगृह असा निर्णय झाला आणि स्वाधारच्या धर्तीवर आधार योजनाही आली. व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाल्याला सव्वाशे वर्षं होत आली. आरक्षणाइतक्याच जोराने प्रत्येक समाजाच्या मागणीपत्रात अजूनही वसतिगृह मागितलं जातं, आणि स्वाधारचा हप्ता उशिरा आला की पेठेतल्या मेसच्या वहीत महिनाभराची उधारी चढते.