सराईची खोली आणि शेजारची भिंत



लूकच्या शुभवर्तमानात उतारशाळा दोनदा भेटते. बेथलेहेमात पवित्र मरियेला तिथे जागा मिळाली नाही. यरीहोच्या वाटेवरच्या जखमी माणसाला मात्र मिळाली. त्या दुसऱ्या ठिकाणच्या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थच 'सर्वांना घेणारी जागा' असा आहे. आपल्या भागात अशा जागेला सराई म्हणत.

खानदेशाची जुनी राजधानी बऱ्हाणपूर. सुरतेहून आग्र्याला जाणारी वाट तापीकाठच्या या शहरातून जाई. इथली अकबरी सराई जहांगीर बादशहाच्या काळात अब्दुर्रहीम खानखाना यांनी बांधवली. सराईची रचना साधी असे: मधोमध मोकळे अंगण, कडेने खोल्यांच्या रांगा, रात्री बंद होणारा भक्कम दरवाजा. अंथरूण आणि शिधा प्रवाशाने आपला आणायचा. सराई द्यायची ती सुरक्षितता.

नोव्हेंबर १६१५ मध्ये इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो बऱ्हाणपूरला आला. त्याला सराईतल्या चार खोल्या मिळाल्या. भिंतीत विटांनी बांधलेल्या, माथ्यावर गोल, भट्टीएवढ्या लहान, असे त्याने नाराजीने लिहून ठेवले आणि तो आपल्या तंबूतच झोपला. गावात याहून चांगली जागा नाही, असे कोतवालाने सांगितले. पुढे शहरातली मातीची घरे पाहिल्यावर रोलाही ते पटले.

त्याच्या देशातल्या उतारशाळा वेगळ्या होत्या. आपल्या जुन्या वाड्यांसारखा लाकडी सांगाडा, ओकचे खांब आणि तुळया खुंट्यांनी जोडलेल्या, मधल्या जागा कुडाने लिंपलेल्या. लंडनची जॉर्ज ही उतारशाळा १६७६ च्या आगीनंतर पुन्हा अशीच लाकडात उभी राहिली.

विटांच्या कमानीला तुळई लागत नाही. पण ती दोन्ही बाजूंना रेटा देते. ओळीतल्या खोल्यांत तो रेटा शेजारची कमान पेलते आणि टोकाला जाड भिंत. म्हणजे प्रत्येक खोली शेजारणीच्या आधाराने उभी असते.

संत पौल गलतीकरांना एकमेकांची ओझी वाहायला सांगतो, तेव्हा आम्हाला ही ओळ आठवते. आजही बऱ्हाणपुरात यंत्रमागांवर कामासाठी माणसे येतात. आपल्याही गावात कोणी इस्पितळासाठी, कोणी मजुरीसाठी येतो. त्यांना महाल नको असतो. एक लहान खोली आणि तिला टेकू देणारे शेजारी पुरतात. आपल्या धर्मग्रामात अशी एक खोली आहे का? नसेल, तर ती कोणाच्या भिंतीला लागून उभारायची, हे येत्या रविवारी मिस्सानंतर आपण बसून ठरवू या.