धोक्याची गोडी : 'जॉनी क्वेस्ट' आणि नंतरची साहसी कार्टूने

अमेरिकेतील एबीसी वाहिनीवर १८ सप्टेंबर १९६४ रोजी 'जॉनी क्वेस्ट' ही कार्टून मालिका सुरू झाली आणि अवघ्या २६ भागांनंतर, एकाच हंगामात आटोपली. खर्च परवडेना. तरीही तेच भाग पुढे कित्येक वर्षे शनिवारच्या सकाळी पुनःपुन्हा दाखविले गेले. साहसी कार्टूनांचा विषय निघाला की आजही तिचे नाव आधी घ्यावे लागते. एवढ्याशा ऐवजावर इतके दीर्घायुष्य कसे लाभले? 'बालपणीच्या रम्य आठवणी' एवढे उत्तर देऊन मोकळे होणे हा, आमच्या मते, निव्वळ आळस आहे.

मालिकेचे निर्माते विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा हे 'टॉम अँड जेरी'चे जनक. एमजीएमने आपला कार्टून विभाग १९५७ साली बंद केल्यावर ते दूरचित्रवाणीकडे वळले. तेथे पैसा थोडा, म्हणून चित्रेही थोडी. धड स्थिर, ओठ तेवढे हलणारे, मागे तेच ते देखावे. विनोदी मालिकेत हे दारिद्र्य लपत नाही. परंतु 'जॉनी क्वेस्ट'चे कर्ते डग वाइल्डी मूळचे चित्रकथांचे चित्रकार. स्थिर चौकटीतून थरार कसा उभा करायचा हे त्यांना पक्के ठाऊक होते. दाट काळ्या सावल्या, तिरपे कोन, अंधारात दबा धरून बसलेले काहीतरी. जे हलत नाही त्याचेच भय अधिक वाटते. कोळ्यासारख्या पायांचा तो एकाक्ष यंत्रमानव ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे वेगळे सांगायला नको. उरलेली गती हॉइट कर्टिन यांच्या जाझ संगीताने पुरविली.

शिवाय येथला धोका खरा होता. या मालिकेत माणसे मरत. जॉनीला आई नाही, आणि त्याचे सांत्वन करण्यात कथा वेळ दवडत नाही. वडील शास्त्रज्ञ, त्यांची गुपिते मिळविण्यासाठी शत्रू मुलालाच पळवतील, म्हणून रेस बॅनन हा अंगरक्षक नेमलेला. म्हणजे मोठी माणसे सोबत असूनही मूल पूर्ण सुरक्षित नाही, हेच मालिकेचे गृहीतक! मुलांना ते आपल्या अनुभवाशी जुळणारे वाटले असावे.

१९६८ साली मार्टिन ल्यूथर किंग आणि रॉबर्ट केनेडी यांच्या हत्या झाल्या. पडद्यावरील हिंसेविरुद्ध ओरड वाढली, पालकांच्या संघटना उभ्या राहिल्या, आणि वाहिन्यांनी 'स्पेस घोस्ट'सारख्या मारधाडीच्या मालिका काढून टाकल्या. १९६९ मध्ये आला 'स्कूबी-डू'; त्यात भूत नेहमी मुखवटा घातलेला माणूसच निघे. पुढे १९८३ च्या 'ही-मॅन'मध्ये नायकाच्या हाती भलीमोठी तलवार होती, पण ती कुणाला कापत नसे. भागाच्या शेवटी बोध, आणि दुकानात मॅटेल कंपनीची खेळणी (ती तर मालिकेच्याही आधी आलेली). भयाची रिकामी जागा उपदेशाने आणि विक्रीने भरून काढली.

तरी त्या पालकांना भित्रे ठरविण्याची घाई आम्ही करणार नाही. कारण 'जॉनी क्वेस्ट'मधील भयाला चेहरा कोणाचा होता, हे विचारावेच लागते. भाले परजणारे 'रानटी' लोक, आशियाई खलनायक डॉक्टर झिन. संकट बहुधा गौरेतर प्रदेशातून येते. भारतीय वाचकाला अधिक खुपणारा आहे तो हाजी. हा कलकत्त्याचा मुलगा. नाव मक्केची यात्रा केलेल्याचे, डोक्यावर रत्नजडित फेटा, आणि तोंडी 'सिम सिम सलाबिम' हा पाश्चात्त्य रंगमंचावरील जादूगारांच्या पोतडीतला मंत्र. भारतातल्या कोणत्याही मोहल्ल्यात असा मुलगा सापडणार नाही. वासाहतिक कल्पनेने जे जे हाती लागले ते जोडून शिवलेली ही गोधडी. वर्गात प्राच्यवाद शिकविणाऱ्यांना याहून सुटसुटीत उदाहरण मिळणे कठीण.

पण कलकत्त्याच्या कथेत डॉक्टर क्वेस्ट यांच्यावर प्राणघातक हल्ला होतो, तेव्हा त्यांना वाचवितो तो हाच पोरका मुलगा. आणि नागरी हक्कांचा कायदा नुकताच, १९६४ च्या जुलैत, संमत झालेल्या अमेरिकेत तो क्वेस्टांच्या घरी राहावयास जातो. नोकर म्हणून नव्हे, जॉनीचा भाऊ म्हणून.