डाव्या आरशाचे वेगळे पैसे
कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून पद्मिनी निघायची, तेव्हा निवडायचा तो फक्त रंग, तोही मिळाला तर. नंबर लावून वर्षानुवर्षं थांबलेला माणूस कसले नखरे करणार? उरलेली हौस आम्ही पुणेकर नाना पेठेत भागवायचो: सीटकव्हर, कॅसेट प्लेअर, डावीकडचा आरसा. आरशासाठी मिस्त्री कोऱ्या दाराच्या पत्र्याला ड्रिलने भोक पाडत होता आणि वडील तोंड फिरवून उभे होते. डिसेंबर १९८३मध्ये मारुती ८०० आली. पुढे एसी घ्यावा की नाही, यावर घरोघरी वाद रंगले. ‘ॲव्हरेज पडतं,’ हे आमच्या काकांचं ठाम मत. सुरक्षितता मात्र बराच काळ चैनीतच मोजली गेली. चालकासाठीची एअरबॅग २०१९मध्ये सक्तीची झाली. तोवर शोरूममध्ये ॲलॉय व्हीलची चौकशी आधी व्हायची.