घोडागाडीच्या पल्ल्यावरची गावे

कॅनडाच्या सस्कॅचेवान प्रांतातील प्रेअरीवर, म्हणजे सपाट गवताळ माळरानावर, विसाव्या शतकाच्या आरंभी शेकडो लहान गावे वसली. १८७२च्या जमीन कायद्यानुसार नवागत शेतकऱ्याला १० डॉलर शुल्कात १६० एकर जमीन मिळे. गाव कोठे वसायचे हे मात्र रेल्वे ठरवी. गव्हाने भरलेली घोडागाडी सकाळी निघून संध्याकाळपर्यंत घरी परतावी, या हिशेबाने साधारण १२ ते १६ किलोमीटरवर एकेक स्थानक आले. ग्रँड ट्रंक पॅसिफिक रेल्वेने तर स्थानकांना इंग्रजी वर्णक्रमानेच नावे दिली. वॉट्रस, झीना, यंग आणि झेल्मा ही त्या क्रमातली अखेरची चार.

गावाचा जीव रुळांलगतच्या उंच लाकडी कोठारात, म्हणजे एलेव्हेटरमध्ये असे. तेथे गाडी वजन होऊन रिकामी होई. पट्ट्यावरच्या बादल्या गहू वर चढवत आणि तो नळीतून मालडब्यात उतरे. प्रेअरी प्रांतांत १९३३मध्ये अशी ५,७५८ कोठारे होती. गहू घालायला आलेला शेतकरी त्याच खेपेत टपाल, किराणा आणि लोहारकाम उरकी. गावाचा सारा व्यवहार या फेरीवर चाले.

पहिला आघात १९३०च्या दशकातील दुष्काळ आणि मंदीचा. १९३१ ते १९४१ या काळात प्रांताची लोकसंख्या ९ लाख २१ हजारांवरून ८ लाख ९५ हजारांवर आली. खरा ऱ्हास मात्र महायुद्धानंतर सुरू झाला. पक्के रस्ते आणि ट्रक आल्यावर ५० किलोमीटरवरचे शहरही जवळचे झाले. यंत्रांमुळे शेते मोठी झाली, कुटुंबे घटली, शाळा एकत्र झाल्या.

१८९७च्या क्रोज नेस्ट करारातील स्वस्त धान्यभाड्यामुळे रेल्वे कंपन्यांना शाखामार्ग तोट्याचे ठरू लागले. सवलतीचे हे पर्व १९९५मध्ये संपले आणि मार्ग बंद होण्याचा वेग वाढला. मुख्य मार्गांवर काँक्रीटची प्रचंड कोठारे उभी राहिली. जुनी पाडली गेली. एलेव्हेटर गेला की गावाचा मोठा करदाता जाई, पाठोपाठ दुकान आणि टपालघर.

शेजारच्या मॅनिटोबातील इंग्लिस येथे एका ओळीतली पाच लाकडी कोठारे राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ म्हणून जपली आहेत. ज्या शाखामार्गासाठी ती उभारली, त्यावरची मालगाडी बंद झाली आहे.