व्हेरिकोज व्हेन्स : चिरफाडीविना उपचार सुलभ, मात्र यश अचूक निदानावर अवलंबून

गढा (जबलपूर) : पायांवर निळसर, फुगीर व वेड्यावाकड्या शिरा दिसू लागणे, सायंकाळी पाय जड होणे, घोट्याभोवतीची त्वचा काळवंडणे आणि पुढे त्याच जागी दीर्घकाळ न भरणारी जखम होणे, ही अपस्फीत नीला अर्थात व्हेरिकोज व्हेन्स या विकाराची परिचित लक्षणे आहेत. जांघेत चीर देऊन संपूर्ण शीर ओढून काढण्याची शस्त्रक्रिया हा या विकारावरील अनेक दशकांचा रूढ उपाय होता. गेल्या सुमारे पंचवीस वर्षांत लेसर, रेडिओफ्रिक्वेन्सी, औषधी फेस आणि वैद्यकीय गोंद यांवर आधारित उपचारांनी तिची जागा बऱ्याच अंशी घेतली आहे. बहुतेक रुग्ण त्याच दिवशी चालत घरी जाऊ शकतात. मात्र रक्ताची उलट गळती नेमकी कोठे होत आहे, हे आधी निश्चित न केल्यास सर्वांत महागडे यंत्रही निरुपयोगी ठरते.

गढा परिसराचे महत्त्व

गोंड राजवटीची जुनी राजधानी असलेला गढा आज जबलपूर शहराचा भाग आहे. १९५५ मध्ये सुरू झालेले आणि आता नेताजी सुभाषचंद्र बोस यांच्या नावाने ओळखले जाणारे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय याच परिसरात, नागपूर मार्गावर आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची १९८४ मध्ये स्थापन झालेली जनजाती आरोग्य संशोधन संस्थाही येथेच आहे. महाकोशलातील ग्रामीण व आदिवासी रुग्णांसाठी हा परिसर उपचारांचे मोठे केंद्र आहे. येथून सुमारे पावणेतीनशे किलोमीटरवर असलेल्या नागपूरलाही या भागातील अनेक रुग्ण जातात. अठराव्या शतकाच्या अखेरीस नागपूरकर भोसल्यांच्या सत्तेखाली आलेल्या जबलपुरात मराठी कुटुंबांची वस्ती जुनी आहे.

या भागातील कामाचे स्वरूपही विकाराशी निगडित आहे. १९०४ पासूनचा तोफगाडी कारखाना, इतर आयुध निर्माणी आणि रेल्वे यांमध्ये तासन्‌तास उभे राहून काम करणाऱ्यांची संख्या मोठी आहे. शिक्षक, वाहतूक पोलीस, न्हावी, हॉटेलातील आचारी, यंत्रमाग कामगार आणि परिचारिका यांनाही हेच लागू होते. दीर्घकाळ उभे राहणे हे एकमेव कारण नव्हे. आनुवंशिकता, वाढते वय, गर्भारपण, लठ्ठपणा आणि पूर्वी पायाच्या खोल शिरेत झालेली रक्ताची गुठळी ही कारणेही तितकीच महत्त्वाची आहेत.

शिरा का फुगतात?

पायांतील अशुद्ध रक्ताला गुरुत्वाकर्षणाविरुद्ध हृदयाकडे जावे लागते. चालताना पोटरीचे स्नायू आकुंचन पावतात व रक्त वर ढकलतात. ते पुन्हा खाली येऊ नये म्हणून नीलांमध्ये एकाच दिशेने उघडणाऱ्या झडपा असतात. या झडपा निकामी झाल्या की रक्त उलट वाहते, शिरेतील दाब वाढतो आणि तिच्या शाखा फुगतात. घोट्याच्या आतील बाजूस हा दाब सर्वाधिक जाणवतो. म्हणूनच खाज, काळे डाग, त्वचा कडक होणे आणि व्रण यांची सुरुवात बहुधा तेथून होते.

विकाराची तीव्रता ठरविण्यासाठी १९९४ मध्ये तयार झालेले आणि २००४ व २०२० मध्ये सुधारलेले आंतरराष्ट्रीय वर्गीकरण वापरले जाते. त्यात शून्य ते सहा अशा पायऱ्या आहेत. कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक शिरा पहिल्या पायरीवर, फुगलेल्या शिरा दुसऱ्या, सूज तिसऱ्या, त्वचेतील बदल चौथ्या, भरून आलेला व्रण पाचव्या आणि उघडा व्रण सहाव्या पायरीवर मोडतो. पहिल्या पायरीचा प्रश्न बहुधा दिसण्यापुरता असतो. चौथ्या पायरीनंतर मात्र उपचार लांबणीवर टाकणे रुग्णाच्या हिताचे नसते.

डॉपलर तपासणी अनिवार्य

निदानाचा पाया कलर डॉपलर सोनोग्राफी हा आहे. उलट प्रवाहाची तपासणी शक्यतो रुग्णाला उभे करून केली जाते, कारण आडव्या स्थितीत तो लपू शकतो. पोटरी दाबून सोडल्यानंतर वरवरच्या नीलेत रक्त अर्ध्या सेकंदाहून अधिक काळ उलट वाहत असेल, तर झडप निकामी मानली जाते. जांघेपर्यंत जाणारी मोठी नीला, पोटरीमागील लहान नीला, त्यांना खोल शिरांशी जोडणाऱ्या जोडनीला आणि स्वतः खोल शिरा यांचा स्वतंत्र आढावा घ्यावा लागतो. खोल शिरा बंद असतील, तर वरवरची फुगलेली शीर हीच रक्ताची पर्यायी वाट असू शकते. अशा वेळी ती बंद करणे धोक्याचे ठरू शकते.

उपचारांचे प्रकार

जर्मन शल्यविशारद फ्रीडरिश ट्रेंडेलेनबुर्ग यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मोठी नीला बांधण्याची शस्त्रक्रिया प्रचलित केली. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात शीर ओढून काढण्याची पद्धत आली. नव्या पद्धतींमध्ये शीर काढली जात नाही. ती आतून बंद केली जाते. रक्त निरोगी शिरांच्या मार्गाने वर जाते आणि बंद झालेली शीर काही महिन्यांत आक्रसून जाते.

लेसर व रेडिओफ्रिक्वेन्सी या उष्णतेवर आधारित पद्धती आहेत. गुडघ्याजवळ सुईएवढ्या छिद्रातून तंतू किंवा नलिका शिरेत घातली जाते आणि सोनोग्राफीच्या साहाय्याने तिचे टोक जांघेजवळ, खोल शिरेपासून सुरक्षित अंतरावर ठेवले जाते. शिरेभोवती बधिरतेचे पातळ द्रावण सोडल्यामुळे वेदना कमी होतात आणि शेजारील ऊतींचे उष्णतेपासून रक्षण होते. रेडिओफ्रिक्वेन्सीच्या प्रचलित पद्धतीत सात सेंटीमीटरचा एकेक भाग १२० अंश सेल्सियसवर वीस सेकंद तापविला जातो. संपूर्ण भूल सहसा आवश्यक नसते.

फेस पद्धतीत पोलिडोकॅनॉल किंवा सोडियम टेट्राडेसिल सल्फेट हे औषध हवेत मिसळून त्याचा फेस शिरेत सोडला जातो. ही पद्धत स्वस्त असून वाकड्या शाखा, पुन्हा उद्भवलेल्या शिरा आणि व्रणाखालील शिरा यांसाठी उपयुक्त आहे. मात्र ती पुन्हा करण्याची गरज अधिक वेळा भासते. वैद्यकीय गोंदाच्या पद्धतीत उष्णता नसल्याने शिरेभोवती द्रावण सोडावे लागत नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या पद्धतीस फेब्रुवारी २०१५ मध्ये मान्यता दिली. तिचा खर्च अधिक आहे आणि काही रुग्णांना गोंदाची ॲलर्जी होऊ शकते. त्वचेवर उठून दिसणाऱ्या शाखा दोन-तीन मिलिमीटरच्या छिद्रांतून काढता येतात.

कोणताही उपचार पूर्णतः जोखीममुक्त नाही. काळेनिळे होणे, त्वचेवर डाग राहणे, मज्जातंतू दुखावल्याने मुंग्या येणे आणि क्वचित खोल शिरेत गुठळी होणे हे धोके रुग्णास आधी समजावून सांगणे आवश्यक असते. आज बंद केलेली शीर पुन्हा उघडू शकते, तसेच नव्या शिरा फुगू शकतात.

संशोधन काय सांगते?

ब्रिटनमधील राष्ट्रीय आरोग्य मार्गदर्शक संस्थेने जुलै २०१३ मध्ये उपचारांचा क्रम निश्चित केला. त्यानुसार प्रथम लेसर किंवा रेडिओफ्रिक्वेन्सी, ते शक्य नसल्यास फेस आणि तेही अयोग्य असल्यास शस्त्रक्रिया सुचविण्यात आली. ब्रिटनमध्येच झालेल्या आणि २०१९ मध्ये पाच वर्षांचे निष्कर्ष जाहीर झालेल्या तुलनात्मक अभ्यासात लेसर व शस्त्रक्रिया यांचे परिणाम फेस पद्धतीपेक्षा सरस आढळले.

व्रण असलेल्या रुग्णांसाठी २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास विशेष महत्त्वाचा आहे. त्यात ४५० रुग्णांचा समावेश होता. पट्टीबंधनाबरोबरच दोन आठवड्यांच्या आत शिरेवर उपचार झालेल्या गटात व्रण भरण्याचा मध्यम कालावधी ५६ दिवस होता, तर उपचार पुढे ढकललेल्या गटात तो ८२ दिवस होता. रोजंदारीवर जगणाऱ्या कुटुंबासाठी २६ दिवसांचा हा फरक केवळ वैद्यकीय राहत नाही. महिनोन्‌महिने केवळ मलमपट्टी करीत राहिल्यास व्रणामागील मूळ कारण तसेच राहते.

प्रत्येक व्रण शिरेचा नव्हे

मध्य भारतात निदानाची कसोटी अधिक कठीण आहे. महाकोशल व विदर्भातील आदिवासी समाजात सिकलसेलचे प्रमाण लक्षणीय असून, त्या विकारातही घोट्याजवळ व्रण होऊ शकतात, जरी भारतीय रुग्णांत ते तुलनेने कमी आढळतात. सिकलसेल निर्मूलनाच्या राष्ट्रीय अभियानाचा प्रारंभ १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथूनच झाला. पूर्व विदर्भातील जिल्ह्यांत हत्तीरोगामुळेही पायाला सूज येते. मधुमेहामुळे होणाऱ्या जखमांचे स्वरूप निराळे असते.

जबलपूर, सागर, भंडारा व गोंदिया हा विडी उद्योगाचा पट्टा आहे. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांमध्ये पायाच्या रोहिण्या अरुंद होण्याचा धोका असतो. पायाला मुळातच रक्तपुरवठा कमी असताना घट्ट मोजे किंवा दाबपट्टी बांधल्यास पाय काळा पडण्यापर्यंत वेळ येऊ शकते. म्हणून दाबपट्टीपूर्वी घोट्याजवळील नाडी आणि हात व पाय यांच्या रक्तदाबाचे गुणोत्तर तपासणे आवश्यक आहे. औषध दुकानातून परस्पर मोजे विकत घेणे टाळावे.

तज्ज्ञ कोण?

या उपचारांत प्रामुख्याने तीन प्रकारचे डॉक्टर कार्यरत आहेत. रक्तवाहिन्यांचे शल्यविशारद एमएसनंतर एमसीएच किंवा डीआरएनबी ही अतिविशेष पदवी घेतात. इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट हे क्ष-किरण व सोनोग्राफी शास्त्रातील पदव्युत्तर शिक्षणानंतर रक्तवाहिन्यांतील उपचारांचे प्रशिक्षण घेतात. तिसरा गट या पद्धतींचे प्रशिक्षण घेतलेल्या सामान्य शल्यविशारदांचा आहे. लहान शहरांत बहुतेक रुग्ण प्रथम त्यांच्याकडेच जातात. खोल शिरांत अडथळा, पूर्वीची गुठळी किंवा वारंवार उद्भवणारा व्रण असल्यास पहिल्या दोन गटांतील तज्ज्ञांचा सल्ला घेणे श्रेयस्कर ठरते.

वैद्यकीय व्यावसायिकांच्या आचारसंहितेच्या २००२ च्या नियमांनुसार संबंधित शाखेची विशेष अर्हता नसताना डॉक्टरला तज्ज्ञ असल्याचा दावा करता येत नाही. डॉक्टरची नोंदणी व पदवी राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या किंवा राज्य वैद्यकीय परिषदेच्या नोंदवहीत पाहता येते. डॉपलर तपासणी उभे करून झाली का, खोल शिरा मोकळ्या आहेत का, हीच पद्धत का निवडली, एकूण खर्चात तंतू, मोजे व फेरतपासणी समाविष्ट आहे का आणि शीर पुन्हा उघडल्यास पुढे काय, हे प्रश्न रुग्णाने अवश्य विचारावेत.

खर्च आणि विमा

पात्र कुटुंबांना वार्षिक पाच लाख रुपयांपर्यंत संरक्षण देणारी आयुष्मान भारत योजना २३ सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. कोणत्या पद्धतीचा खर्च योजनेत बसतो, याची विचारणा दाखल होण्यापूर्वी रुग्णालयाच्या आयुष्मान कक्षात करावी. खासगी आरोग्य विम्यात या विकारासाठी बहुधा दोन वर्षांचा प्रतीक्षा कालावधी असतो. त्यामुळे पॉलिसीतील अट वाचून घेणे आवश्यक आहे.

केव्हा दाखवावे?

गुडघ्याखालील जखम दोन आठवड्यांत भरली नाही, त्वचा काळी किंवा कडक होऊ लागली, फुगलेली शीर लाल व दुखरी झाली किंवा एकाच पायाला अचानक सूज आली, तर विलंब न करता डॉक्टरांना दाखवावे. फुगलेल्या शिरेतून रक्तस्राव सुरू झाल्यास रुग्णाला आडवे करून पाय हृदयाच्या पातळीपेक्षा उंच धरावा, स्वच्छ कापडाने जागा दाबून ठेवावी आणि रुग्णालय गाठावे. गर्भवती महिलांमध्ये शिरा बंद करण्याचे उपचार सहसा प्रसूतीनंतरच केले जातात, कारण त्यानंतर अनेकींच्या शिरा आपोआप ओसरतात. नियमित चालणे, वजन आटोक्यात ठेवणे, उभ्याने काम करताना टाचा वर-खाली करणे आणि विश्रांतीच्या वेळी पाय उंच ठेवणे यामुळे त्रास कमी होतो. मात्र निकामी झालेली झडप यामुळे पूर्ववत होत नाही.