कंपनी कुणाची होती?

कोल्हापुरात खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचं स्मारक आहे. तिथं उभं राहून बाबूराव पेंटरांची गोष्ट मी आजवर किती जणांना सांगितली असेल, मोजदाद नाही. महाविद्यालयांच्या सहली, पुण्याहून आलेले अभ्यासक, एकदा तर पत्ता चुकून थांबलेलं लग्नाचं वऱ्हाड. गोष्ट ठरलेली असायची. शिक्षण जेमतेम, हात दैवी, परदेशी कॅमेरा परवडेना म्हणून स्वतः कॅमेरा घडवला, ‘सैरंध्री’ काढला, लोकमान्यांनी ‘सिनेमा केसरी’ म्हटलं. टाळ्या.

तीन वर्षांपूर्वी एका वाचनालयात हेच बोलून मी खाली उतरलो, तर पुढच्या रांगेतल्या एक आजी म्हणाल्या, “भाऊ, सगळं झ्याक सांगितलासा. पण पैसं कुणी दिलं ते एका वाक्यात उरकलासा की.”

खरंच उरकलं होतं. ‘तानीबाई कागलकर या गायिकेने भांडवल पुरवले,’ एवढंच. आजी काठी टेकत निघून गेल्या. मी मात्र त्यानंतर जुन्या वह्या पुन्हा काढल्या आणि तीच माहिती दुसऱ्या टोकापासून वाचायला लागलो. हा लेख त्या वाचनातून आलेला आहे.

मी इतिहासाचा पदवीधर नाही. शिरोलीच्या एका कारखान्यात लेथवर उमेदीची वर्षं काढली. त्यामुळे आधी यंत्राबद्दल बोलतो, तिथं माझा पाय जमिनीवर असतो. बाबूराव कृष्णराव मेस्त्री यांचा जन्म १८९०चा. त्यांचे चुलतभाऊ आनंदराव. दोघेही नाटक कंपन्यांचे पडदे रंगवायचे, म्हणून लोकांनी आडनावच ‘पेंटर’ करून टाकलं. १९१३ साली फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ आला आणि या दोघांच्या डोक्यात सिनेमा शिरला. त्यांनी मुंबईहून एक जुना प्रोजेक्टर मिळवला.

प्रोजेक्टर का, हे ज्यानं यंत्र उघडलंय त्याला कळेल. कॅमेरा आणि प्रोजेक्टर ही मुळात सख्खी भावंडं. दोन्हींत फिल्म सरळ वाहत नाही, ती थांबत-थांबत सरकते. एक आकडा फिल्मच्या भोकात अडकतो, एक चौकट खाली ओढतो, सुटतो. ती क्षणभर स्थिर राहते, तेवढ्यात उजेड आत येतो. मग पुन्हा ओढ. मूकपटाच्या काळात हे सेकंदाला साधारण १६ वेळा. आकड्याचं माप केसभर चुकलं तर पडद्यावरचा माणूस उभ्या जागी नाचायला लागतो. प्रोजेक्टर सुटा केला की हे अर्धं गणित समोर येतं. उरलेलं अर्धं म्हणजे अंधारी पेटी, भिंग, आणि पुन्हा पुन्हा फुकट जाणारी महागडी फिल्म.

१९१६ साली आनंदराव गेले. कॅमेरा पुरा झाला तो १९१८च्या सुमारास, आणि त्यात विष्णुपंत दामल्यांचा हात होता. हे मी पूर्वीही सांगायचो, पण ‘मदतीला दामले होते’ अशा सुरात. कारखान्यात काम केलेला मी, मला हे आधी सुचायला हवं होतं. असं यंत्र एक माणूस घडवत नाही. एक जण कानशीनं घासतो, दुसरा लावून बघतो, तिसरा ‘अजून पाव सूत’ म्हणतो. मेस्त्र्यांच्या घरात लोखंड, लाकूड, दगड आणि रंग या चारही कामांची माणसं होती. बाबूरावांची प्रतिभा मी कमी लेखत नाही. ती कुठल्या अंगणात रुजली, एवढंच बघतोय.

अंगण मोठं होतं. शाहू महाराजांच्या काळातलं कोल्हापूर म्हणजे तालमी, नाटक कंपन्या, गाणं. केशवराव भोसल्यांसारखा नट-मालक याच गावचा. पडदा रंगवणारे, मुखवटे करणारे, दाढी-मिशा लावणारे, रात्रभर जागून खिळे ठोकणारे असे सगळे लोक चालत जाण्याच्या अंतरावर. महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली तेव्हा या लोकांना नवं काही शिकवावं लागलं नसेल, फक्त प्रेक्षकाच्या जागी भिंग आलं. गंमत अशी, की पडदे रंगवण्यात हयात घालवलेल्या बाबूरावांनी सिनेमात रंगवलेले पडदे नाकारले आणि खोली असलेले भरीव सेट उभारले. त्याला सुतार, गवंडी, मूर्तिकार लागले. म्हणजे कंपनी आणखी फुगली.

आणि या सगळ्यांना जेवायला घालायचं तर रोकड हवी. ती तानीबाईंनी दिली. गावात सावकार होते, पेढीवाले होते, इनामदार होते. मग एक गाणारी बाई का? माझा तर्क असा. त्या काळात स्वतः कमावलेला आणि स्वतःच्या मर्जीनं खर्चता येणारा पैसा ज्या थोड्या बायकांकडे होता त्यांत गायिका येतात. आणि कलेत घातलेला पैसा बुडू शकतो हे त्यांना कुणी समजावून सांगावं लागत नव्हतं. सावकार तारण मागतो, आणि पडदे रंगवणाऱ्याकडे तारण ते काय असणार?

‘सैरंध्री’ ७ फेब्रुवारी १९२० रोजी पुण्याच्या आर्यन थिएटरात लागला. कीचकाचा वध इतका खरा वाटला, की सरकारनं तो प्रसंग कापायला लावला. सरकारला वेगळीही भीती असेल. खाडिलकरांच्या ‘कीचकवध’ नाटकावर त्यांनी दहा वर्षांपूर्वीच बंदी घातली होती. या चित्रपटात गुलाबबाई आणि अनुसूयाबाई कॅमेऱ्यासमोर उभ्या राहिल्या. पडद्यावर त्यांची नावं कमलादेवी आणि सुशीलादेवी झाली. नाव बदलावं लागलं, यातच त्यांनी काय पत्करलं ते आलं. म्हणजे पहिल्या यशाच्या मुळाशी तीन बायका, आणि माझ्या भाषणात त्यांना मिळून दोन वाक्यं!

पुढची नामावळी वाचकांना ठाऊक आहे. ‘सिंहगड’ १९२३चा. ‘सावकारी पाश’ १९२५चा, नारायण हरी आपट्यांच्या कथेवरचा. त्यात तरुण शेतकरी झालेले शांताराम कंपनीत आले ते पडेल ते काम करणारा पोऱ्या म्हणून. दामले आणि फत्तेलाल तिथंच घडले. एक कोकणस्थ, एक कागलचा मुसलमान, आणि दोघांची नावं लोक एका दमात घ्यायचे.

मला जास्त छळतो तो १९२९चा प्रश्न. ही घडलेली माणसं गेली का? १ जून १९२९ रोजी दामले, फत्तेलाल, शांताराम, धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी यांनी कोल्हापुरातच ‘प्रभात’ काढली. आमच्याकडे याचं उत्तर ‘गुरूला सोडून गेले’ असं हळहळून देतात. मी ते आता देत नाही. बाबूरावांची कंपनी चालायची गुरुगृहासारखी. विद्या मिळायची, भाकरी मिळायची, पण कंपनी कुणाची हा प्रश्न विचारायची सोय नव्हती. दहा वर्षं राबलेल्या माणसाला तो कधीतरी पडणारच. ‘प्रभात’नं त्याचं उत्तर पहिल्या दिवशी कागदावर दिलं: पाच भागीदार. कुलकर्ण्यांनी पैसा आणला, चौघांनी हात आणले, आणि हातांनाही भाग मिळाला. माझ्या मते ‘प्रभात’चा खरा शोध हा, तुतारीवाली बाई नंतरची. अर्थात पाचांच्या खालच्या शेकडो पगारदारांना तो प्रश्न तसाच राहिला, हेही खरं.

महाराष्ट्र फिल्म कंपनी १९३१च्या सुमारास मिटली. ‘प्रभात’ १९३३ साली पुण्याला गेली, आणि ज्या जागेत ‘संत तुकाराम’ घडला तिथं १९६० साली सरकारी फिल्म इन्स्टिट्यूट आली. कोल्हापूर मात्र रिकामं झालं नाही. राजाराम महाराजांचं कोल्हापूर सिनेटोन, विनायक आणि बाबूराव पेंढारकरांची हंस पिक्चर्स, भालजींचा जयप्रभा. एक फुटलं की त्याच माणसांतून दुसरं उभं राहायचं. महाराष्ट्र फिल्म कंपनीचे मूकपट मात्र जवळजवळ सगळे नष्ट झाले. २०२४च्या ऑगस्टमध्ये केशवराव भोसले नाट्यगृह जळालं, त्या रात्री मी रस्त्यात उभा होतो. गर्दीत कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं.

हे सगळं आता लिहायचं कारण वेगळंच. राजारामपुरीतली सात पोरं-पोरी स्वतःच्या पैशानं चित्रपट करताहेत. बाबूरावांनी सुरुवात कशी केली ते विचारायला आली, आणि कॅमेऱ्याची गोष्ट ऐकायची तयारी करून बसली. मी त्यांना तानीबाई सांगितल्या आणि १ जूनचा कागद सांगितला. मागच्या महिन्यात त्यांनी मला बैठकीला बोलावलं. वहीत भागीदारांची सात नावं होती. त्यांतल्या एकीनं आठवं सुचवलं: चित्रीकरणाचे बावीस दिवस उधारीवर डबे देणाऱ्या मावशी. उधारी फेडली की संपलं, असं कॅमेरावाल्याचं म्हणणं. उधारी आणि भांडवल यांत फरक काय, असं तिचं. माझ्याकडे बघितलं गेलं. मी चहा प्यायलो. साडेअकरापर्यंत निर्णय झाला नव्हता, आणि शेवटची केएमटी केव्हाच गेली होती.