पैसे देऊन पोटात गोळा

जगातला पहिला लाकडी रोलर कोस्टर कुठं धावला, असं मला कुणी विचारलं तर मी छाती पुढं काढून सांगतो, पुणे-नगर रस्त्यावर, १ जून १९४८ रोजी! त्या दिवशी आपल्या एस.टी.ची पहिली गाडी या रस्त्यावर धावली. गाडी बेडफर्डची, बॉडी लाकडाची, बैठका काथ्याच्या. एवढी सामग्री आणि त्या काळचा पुणे-नगर रस्ता एकत्र आल्यावर आणखी काय पाहिजे? पण आमचे हेडकॅशियर हे मानायला तयार नाहीत. ते म्हणाले, "एस.टी.त बसणाऱ्याला कुठं तरी जायचं असतं हो. रोलर कोस्टरमध्ये बसणारा जिथं चढतो तिथंच उतरतो, आणि तरी पैसे देतो."

मुद्दा बिनतोड होता. कॉलेजात मी कॉमर्सला गेलो तो मुख्यतः इतिहासाच्या सनावळ्या चुकवायला. पण हेडकॅशियरसमोर एकदा तोंड उघडल्यावर पुरावा आणणं भाग होतं. तो शोधताना सापडलेली ही हकिगत.

मूळ शोधायला आधी रशियात जावं लागतं, तेही थंडीत. अठराव्या शतकात सेंट पीटर्सबर्गला हिवाळ्यात लाकडाचे सत्तर-ऐंशी फूट उंचीचे सांगाडे उभे करत, त्यावर उतरती फळी टाकत, फळीवर पाणी ओतत आणि ते गोठलं की माणसं वरून घसरायची. ज्या देशात नुसतं दार उघडून बाहेर पाऊल टाकलं तरी माणूस घसरतो, तिथं त्यासाठी सत्तर फूट चढून जायचं म्हणजे हौसेला मोल नाही. महाराणी कॅथरीनला हा खेळ इतका आवडला की उन्हाळ्यातही पाहिजे म्हणून ओरानिएनबाउम इथल्या राजवाड्याच्या बागेत तिनं चाकाच्या गाड्यांचा लाकडी उतार बांधून घेतला. आर्किटेक्ट इटालियन होता, रिनाल्डी नावाचा. उतार केव्हाच गेला, पण ज्या मंडपातून गाड्या सुटत तो अजून उभा आहे.

तिथून ही कल्पना पॅरिसला गेली. १८१७ साली तिथं 'रशियन डोंगर' सुरू झाले. गाड्यांची चाकं रुळाला अडकवून ठेवलेली, म्हणजे गाडी बाहेर पडायची भीती नाही. फ्रेंच, इटालियन, स्पॅनिश लोक अजून रोलर कोस्टरला रशियन डोंगर म्हणतात. आता रशियन लोक काय म्हणत असतील? ते म्हणतात, 'अमेरिकन डोंगर'! आमच्या सोसायटीत भिंतीला ओल आली की वरचा खालच्याकडं बोट दाखवतो आणि खालचा वरच्याकडं, तसलाच हा प्रकार. पोटात गोळा आणणाऱ्या वस्तूचं पालकत्व घ्यायला कोणी राजी नाही.

अमेरिकेचं नाव मात्र अगदीच फुकट बद्दू झालेलं नाही. पेनसिल्व्हेनियात मॉक चंक नावाचं गाव होतं. तिथं डोंगरावरचा कोळसा खाली नदीपर्यंत आणायला १८२७ साली नऊ मैलांचा रेल्वेमार्ग घातला. इंजिन नाही. भरलेल्या वाघिणी आपल्या वजनानं उतारावरून खाली यायच्या आणि रिकाम्या वाघिणी खेचरं ओढून वर न्यायची. खाली यायला अर्धा तास, वर जायला तीन-चार तास. आता वर ओढायला खेचरं लागणार, तर ती आधी खाली आणायला हवीत. म्हणून त्यांनाही वाघिणीत उभं करून, पुढ्यात चारा टाकून, कोळशाबरोबर खाली सोडायचे. ही खेचरं म्हणजे माझ्या मते जगातले पहिले नियमित रोलर कोस्टर प्रवासी. आणि पुढची गंमत अशी की एकदा या सुखाची सवय लागल्यावर ती खेचरं डोंगर पायी उतरायला साफ नकार देऊ लागली!

आमच्या जिल्ह्यात मढीच्या कानिफनाथाच्या यात्रेत गाढवांचा मोठा बाजार भरतो. तिथं मी हा किस्सा सांगितला, तेव्हा एक व्यापारी शांतपणे म्हणाला, "साहेब, जनावराला कळतं. मानसालाच कळत न्हाई." यावर मी विचार करतो आहे.

पुढं वाघिणी चढवायला वाफेची इंजिनं आली, खेचरं सेवानिवृत्त झाली. १८७० च्या दशकात कोळशाला बोगद्यातून दुसरा मार्ग मिळाला आणि डोंगरावरचा हा मार्ग निव्वळ हौशी लोकांसाठी राहिला. एखाद्या धंद्यात मुख्य माल बाजूला पडून मोफतची वस्तूच विकाऊ ठरावी, असं हे उदाहरण. १९३० च्या दशकापर्यंत लोक पैसे देऊन त्या उतारावरून घरंगळत होते.

मग आला लामार्कस थॉम्सन. रोलर कोस्टरचा जनक म्हणून याचं नाव घेतात. हा गृहस्थ पायमोज्यांच्या धंद्यातला आणि रविवारच्या शाळेत मुलांना धर्मशिक्षण देणारा. तरुण मंडळी दारूच्या गुत्त्यात आणि त्याहून वाईट ठिकाणी जातात, याचं त्याला दुःख होतं. त्यांना सभ्य करमणूक हवी म्हणून १८८४ साली न्यूयॉर्कजवळ कोनी आयलंडच्या किनाऱ्यावर त्यानं सहाशे फूट लांब आणि पन्नास फूट उंच लाकडी रेल्वे उभारली. तिकीट पाच सेंट, वेग ताशी सहा मैल. ताशी सहा मैल म्हणजे आमच्या माळीवाड्यातून सायकलवाला दुधाची किटली न सांडता जातो तो वेग. लोक बाकावर समुद्राकडं तोंड करून आडवे बसत, दुसऱ्या टोकाला सगळ्यांना उतरवत, नोकर गाडी ढकलून पुन्हा उंचावर नेत, आणि मंडळी परत यायला बसत.

रोजचं उत्पन्न सहाशे डॉलर होतं असं लिहिलेलं सापडतं. पाच सेंटनं भागलं तर बारा हजार तिकिटं. बारा तासांचा दिवस धरला तर तासाला हजार माणसं. सुट्ट्या पैशांसकट हा हिशेब संध्याकाळी कोण जुळवत होतं, याचा उल्लेख इतिहासात कुठं नाही. मोजे विकणाऱ्याचं नाव राहिलं, क्लार्कचं गेलं. असो.

आता हे यंत्र चालतं कसं, ते मी आमच्या धंद्याच्या भाषेत सांगतो. रोलर कोस्टरला इंजिन नसतं. स्टेशनातून निघालेली गाडी साखळी धरून पहिल्या चढावर नेते आणि माथ्यावर सोडून देते. भरणा तेवढा एकदाच. मग शेवटपर्यंत नुसतं काढत जायचं. उंची खर्च केली की वेग मिळतो, वेग खर्च केला की पुन्हा थोडी उंची मिळते. मध्ये चाकांचं घर्षण आणि वारा आपापलं कमिशन कापून घेतात. म्हणून दुसरी टेकडी पहिल्यापेक्षा बुटकी, तिसरी त्याहून बुटकी. पहिल्यापेक्षा उंच टेकडी पुढं बांधली तर गाडी मध्यावरून मागं येईल. ओव्हरड्राफ्टची सोय नाही. शेवटी जी काही शिल्लक उरते, ती ब्रेक लावून शून्य करायची आणि खातं बंद.

पहिल्या चढावर जो खट्-खट् आवाज येतो, तो मुद्दाम घाबरवायला ठेवलेला नाही. साखळी तुटली तर गाडी मागं घसरू नये म्हणून गाडीखाली लोखंडी जीभ असते, ती रुळाच्या दात्यांवर एकेक करत पडत जाते. म्हणजे ज्या आवाजानं आपण देवाचं नाव घेतो, तो आपल्याच सुरक्षिततेचा आवाज. जॉन मिलर नावाच्या माणसाची ही करामत. त्याचीच दुसरी, १९१९ सालची, याहून मोठी. गाडीला वरची चाकं होती, बाजूची होती. त्यानं रुळाच्या खालूनही चाकं लावली. गाडीनं रूळ वरून, बाजूनं आणि खालून असा तिन्हीकडून पकडला. त्याआधी फार तीव्र उतार ठेवला की गाडी रूळ सोडून उडायची भीती. आता उडणार फक्त आतली माणसं, तीही बैठकीपासून दोन बोटं.

ही दोन बोटं म्हणजेच सगळी मौज. ज्यांनी नगरहून पाथर्डीला जाताना करंजीच्या घाटात एस.टी.च्या शेवटच्या बाकावरून प्रवास केला आहे, त्यांना हा भाग समजावून सांगायला नको.

आता लाकडाचं सांगतो. लाकडी रोलर कोस्टर कशाला म्हणायचं, तर ज्याचा रूळ लाकडाचा त्याला. सात-आठ फळ्या एकावर एक ठोकून रूळ करतात, वर लोखंडी पट्टी मारतात. खालचा सांगाडा लोखंडाचा असला तरी चालतो. गाडी आली की हे सगळं बांधकाम हलतं. बघणाऱ्याला वाटतं, आज पडलं. पण ते हलावं असंच बांधलेलं असतं. झाड वाऱ्यात वाकतं म्हणून मोडत नाही, तसं. पावसात लाकूड फुगतं, उन्हात आकसतं, बोल्ट ढिले होतात. म्हणून गाडी सुरू होण्याआधी सकाळी सुतार हातात हातोडा नि पाना घेऊन सगळा रूळ पायी चालत जातात. चढावरूनही आणि उतारावरूनही. ठोकून बघायचं, कान द्यायचा, आवळायचं. दिवसभर किंचाळून पब्लिक घरी जातं, त्या किंचाळण्याची तयारी पहाटे कुणीतरी मुकाट्यानं करून ठेवलेली असते.

मढीच्या यात्रेत माझ्या लहानपणी लाकडी रहाटपाळणा यायचा. चार पेट्या, मधे जाड कणा, दोन बाजूंनी दोन माणसं हातानं फिरवणारी. कण्यात तेल कमी पडलं की असा काही आवाज यायचा, की आमची आजी खालूनच कानिफनाथाला रेवड्या बोलायची. पाळणेवाला म्हातारा सकाळी पाळणा उभा केला की आधी स्वतःच्या नातवाला पेटीत बसवून चार फेरे द्यायचा. मगच आमचे पैसे घ्यायचा. इन्स्पेक्शन रिपोर्ट म्हणून याहून भक्कम काही माझ्या नोकरीत माझ्या हाताखालून गेलेलं नाही. पुढं मोटरवर चालणारा लोखंडी आकाशपाळणा आला आणि म्हातारा दिसेनासा झाला.

अमेरिकेतही थोड्याफार फरकानं तेच झालं. १९२० च्या दशकात तिथं हजाराच्या वर लाकडी रोलर कोस्टर होते. १९२७ साली कोनी आयलंडला 'सायक्लोन' आला, ८५ फूट उंच. खाणीत काम करणारा एक माणूस, ज्याची वाचा वर्षानुवर्षं गेलेली होती, तो १९४८ साली सायक्लोनमध्ये बसला, उतारावर किंचाळला आणि उतरल्यावर चक्क बोलला, अशी कथा सांगतात. काय बोलला? तर, मला मळमळतंय!

पण १९२९ साली शेअरबाजार कोसळला. बँका बुडाल्या, लोकांच्या खिशात पाच सेंटही राहिले नाहीत. त्यांना फुकटातच पोटात गोळा येत होता, तिकीट कोण काढणार? मग महायुद्ध. लाकडाची निगा म्हणजे रोजचा खर्च. तो थांबला की लाकूड वर्षा-दोन वर्षांत जाब विचारतं. एकामागून एक रोलर कोस्टर पाडले गेले, काही जळले. १९५९ साली डिस्नेलँडमध्ये पोलादी नळ्यांच्या रुळांवरचा कोस्टर आला आणि सुतारांची गरजच संपल्यासारखं झालं. १९७२ साली ओहायोत 'रेसर' नावाचा नवा लाकडी कोस्टर उभा राहिला, तेव्हा कुठं लोकांना पुन्हा लाकडाची आठवण झाली. तो रचणारा जॉन अ‍ॅलन म्हणायचा की या कामाला इंजिनीअरिंगपेक्षा मानसशास्त्राची पदवी जास्त उपयोगी.

आपल्याकडं खोपोलीजवळ इमॅजिकात २०१३ सालापासून 'नायट्रो' आहे. तो पोलादी. मुलीच्या आग्रहाखातर मी त्यात बसलो आहे. पायाखाली फळी नाही, माणूस लोंबकळत जातो. काम अगदी चोख, झोकदार. पण पोलाद बोलत नाही. आपल्याला घेऊन जातं, उलटं करतं, परत आणून ठेवतं, सगळं ऑफिसच्या परिपत्रकासारखं. मढीचा पाळणा प्रत्येक फेऱ्याला कुरकुरून आपली प्रकृती सांगायचा. मी हेडकॅशियरना म्हटलं, मढीचा आवाज आणि खोपोलीचा उतार यांची बेरीज केली की माझ्या खात्यावर एक अख्खा लाकडी रोलर कोस्टर जमा होतो. ते म्हणाले, व्हाउचर दाखवा.

ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या लूना पार्कमध्ये १९१२ सालची 'सीनिक रेल्वे' आहे, सगळी लाकडी. तिच्यात अजूनही गाडीच्या मधोमध एक ब्रेकवाला उभा असतो. माणसं बसलेली, दांडा घट्ट धरलेला, डोळे मिटलेले. आणि हा मात्र उभा. कुठं सोडायचं, कुठं आवळायचं ते सगळं त्याच्या हाताच्या अंदाजावर. त्याचा फोटो मी हेडकॅशियरना दाखवला. त्यांनी चष्मा वर करून बराच वेळ बघितला आणि म्हणाले, "करंजी घाटात आपला कंडक्टर असाच उभा राहतो. शिवाय तिकिटं फाडतो आणि सुटे परत देतो."

१ जून १९४८ चा माझा दावा त्यांनी अजून मंजूर केलेला नाही. पण फाइल बंदही केलेली नाही.